मगदूममॅडम आणि व्हायरसचे पेशंट

टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडं किस्से साठत नाहीत. टीव्ही बिघडला की माणूस तो रिक्षात घालून आणतो, "आवाज हाय, चित्र न्हाय" एवढं सांगतो आणि निघून जातो. राजारामपुरीत मी तीस वर्षं हेच काम केलं. त्यातल्या सांगण्यासारख्या गोष्टी आठवायला बसलो तर दोन कप चहा संपेल, पण गोष्ट काही आठवायची नाही.

कॉम्प्युटरचं तसं नाही. कॉम्प्युटरला व्हायरस झालेला माणूस दुकानात शिरतो तोच चोरपावलांनी. इकडंतिकडं बघतो, आवाज खाली आणतो आणि "आमच्या घरात तसलं कोण काय करत न्हाय हं," इथून सुरुवात करतो. अशी दहा माणसं आठवड्याला आली तर किस्से साठणार नाहीत तर काय!

आणि ती यायची मगदूममॅडमकडं. नव्वदीच्या मधल्या वर्षांत माझ्या दुकानाचा अर्धा भाग मी त्यांना भाड्यानं दिला. माहेर कुरुंदवाडचं, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, शिरोलीच्या एका कारखान्यातली नोकरी सोडून आलेल्या. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशा त्याही "मी आलो, मी गेलो" असंच बोलायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर एक जुनाट कॉम्प्युटर मांडला आणि म्हणाल्या, "भाऊ, बाहेरनं आलेली फ्लॉपी पहिली ह्यात. इथं तपासल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याच मशीनला लावायची नाही. माझ्या सख्ख्या भावानं आणली तरी!"

मला वाटलं, बाई जरा जास्तच करतायत.

* * *

कबनूरचे एक पावणं होते. घरचे यंत्रमाग. कापडाची डिझाइन्स कॉम्प्युटरवर काढायला त्यांनी हौसेनं मशीन घेतलेलं. त्याच्यासाठी काचेची केबिन बांधली, आत एसी लावला, दारात पायपुसणं. चपला बाहेर. मागाजवळनं आलेल्या माणसानं अंगावरचं कापसाचं तूस झटकल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. डिझाइन काढणाऱ्याला तर नाकाला रुमाल बांधून बसवायचे!

तरी व्हायरस झाला. मोठ्या ऑर्डरची डिझाइन्स उघडेनात. पावणं हवालदिल होऊन मॅडमना केबिन दाखवायला घेऊन गेले. बरोबर मीही होतो.

"बघा की मॅडम, धुळीचा कण सापडला तर नाव बदलीन! हितं आजार आला कुठनं?"

मॅडमनी चपला बाहेर काढल्या, आत गेल्या. टेबलावर फ्लॉप्यांचा ढीग पडलेला. कुठली इचलकरंजीच्या व्यापाऱ्याची, कुठली भिवंडीची, एक तर रस्त्यात सापडलेली!

मॅडम म्हणाल्या, "पावणं, सगळ्यांच्या चपला बाहेर काढून घेतल्या. फ्लॉप्यांना मात्र पायताणासकट आत घेतलंय तुम्ही!"

त्या दिवसापासून केबिनच्या दाराबाहेर, चपलांच्या शेजारी, एक छोटं टेबल आलं. त्यावर पाटी होती: 'फ्लॉपी येथे ठेवावी'.

* * *

एका शाळेचे मुख्याध्यापक आले. घाबरेघुबरे. त्या काळात एक व्हायरस असा होता की लिहिता लिहिता स्क्रीनवरची अक्षरं सुटायची आणि टपाटप खाली पडून तळाला ढीग व्हायचा. सरांची सहामाहीची प्रश्नपत्रिका अशी भुईसपाट झालेली.

"मॅडम, मी डोळे तपासून घेतले. डोळे चांगले आहेत."

"मग काय केलंत सर?"

सर जरा घुटमळले. म्हणाले, "शिपायानं सुचवलं म्हणून मॉनिटर उलटा करून ठेवला."

"मग?"

"मग वर पडायला लागली हो!"

मॅडम हसल्या नाहीत. हसणं दाबायला मला टीव्हीच्या खोक्यात डोकं घालावं लागलं. त्यांनी स्वच्छ फ्लॉपी घालून मशीन चालू केलं, व्हायरस काढला, प्रश्नपत्रिका सरांच्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाल्या, "शिपाईमामांना सांगा, डोकं चांगलं चालवलं. तपासून बघायची सवय मोडू नका म्हणावं."

सर गेल्यावर मात्र दहा मिनिटं आम्ही दोघं कामाचे नव्हतो.

* * *

आता जो किस्सा सांगतो तो मॅडमच्या चुकीचा आहे. पण माझ्या मनात त्यांची जागा पक्की झाली ती याच्यामुळंच.

फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक बारकी पट्टी असायची. ती सरकवली की फ्लॉपी नुसती वाचता येते, तिच्यावर काही लिहिलं जात नाही. म्हणजे व्हायरसलाही तिच्यावर चढता येत नाही. मॅडम व्हायरस काढायला ज्या फ्लॉपीनं जायच्या तिची ही पट्टी कायम बंद. एकदा नवीन अँटीव्हायरस भरायला त्यांनी ती उघडली आणि घाईत परत सरकवायची राहिली. पहिल्याच गिऱ्हाइकाकडचा नवा व्हायरस त्या फ्लॉपीवर चढून बसला. पुढचे चार दिवस मॅडम व्हायरस काढायला म्हणून ज्या ज्या घरात गेल्या, तिथं तो आपल्या हातानं पेरून आल्या!

शनिवारी जुनाट कॉम्प्युटरवर फ्लॉपी तपासताना त्यांना ते दिसलं. डायरी काढली. अकरा घरं.

मी म्हणालो, "मॅडम, कुणाला कळणार आहे? बोलावतील तेव्हा जाऊन काढून या की."

त्या म्हणाल्या, "भाऊ, बोलावतील तोपर्यंत त्यांचं काय काय जाईल?" आणि मोपेडला किक मारली.

अकराच्या अकरा घरी गेल्या. मी दोन घरी बरोबर होतो. दारात उभं राहून सरळ सांगायच्या, "परवा मी तुमचा व्हायरस काढून गेलो. जाताना दुसरा सोडून गेलो. चूक माझी आहे, आता काढून देतो."

शाहूपुरीत एक निवृत्त सुभेदार होते. मिशा अशा की बघूनच माणूस दोन पावलं मागं सरावा. ते ऐकून घेत होते. मला वाटलं, आता भडकतात. सुभेदारांनी आत हाक मारली, "अगं ए, भाईर ये! ह्या बाईंना बघ जरा!"

काकू पदराला हात पुसत आल्या. सुभेदार म्हणाले, "आमचा गिरणीवाला वीस वर्षं दुसऱ्याच्या ज्वारीचं पीठ आमच्या गव्हात मिसळतोय. एक दिवस सांगायला आला न्हाई! ह्या बाई आपणहून सांगायला आल्यात. चहा टाक!"

मॅडम हातातल्या फ्लॉपीच्या पट्टीकडं बघतच चहा प्यायल्या.

* * *

मंगळवार पेठेत लग्नपत्रिका छापणारे नाना होते. आवाज असा की आमच्या दुकानात बोलले तर पलीकडच्या चौकातली रिक्षा थांबावी. ऐन लग्नसराईत त्यांच्या कॉम्प्युटरला तिसऱ्यांदा व्हायरस झाला. नाना मशीन खांद्यावर घेऊनच दुकानात शिरले आणि चारचौघांत सुरू झाले.

"मला समदं कळतंय! व्हायरस तुमीच सोडताय आनि तुमीच काढताय! धंदा हाय ह्यो तुमचा!"

दुकानात सात-आठ माणसं. मी हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली. मॅडम उठल्या, नानांचं मशीन जोडलं आणि कीबोर्ड उचलून त्यांच्यासमोर ठेवला.

"नाना, आज मी हात लावत नाही. तुम्हीच काढा. मी सांगतो तसं करा."

"मी? मला कुठं येतंय!"

"लग्नपत्रिकेत काना-मात्रा कुठं चुकली ते येतंय न्हवं बघायला? हे तसंच हाय. फाइल जेवढी असायला पाहिजे, त्याहून फुगलेली दिसली की थांबायचं."

दोन तास चाललं. नानांची बोटं जाड, एका वेळी दोन बटणं दाबली जायची. घाम फुटला. मॅडमनी एकदाही कीबोर्ड हातात घेतला नाही, एकदाही आवाज चढवला नाही. बाकीची गिऱ्हाइकंही गेली नाहीत. कुस्ती बघायला उभी राहावीत तशी उभी! शेवटी स्क्रीनवर 'एकही व्हायरस नाही' अशा अर्थाची ओळ आली आणि दुकानात टाळ्या पडल्या.

नाना उठले. सगळ्यांसमोर मॅडमना हात जोडले. "चुकलं माझं. बोलाय नको हुतं."

मशीन खांद्यावर घेतलं, पायरीपर्यंत गेले, परत वळले. जवळ येऊन, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, हळू आवाजात म्हणाले,

"मॅडम, काढायला तर आलं. आता सोडायला कवा शिकवताय?"

* * *

राधानगरीच्या पलीकडच्या एका गावातून एक आजोबा यायचे. शेतकरी. गावोगाव फिरून भाताच्या जुन्या जाती गोळा करायचे. कुठली किती दिवसांत येते, कुठल्या भाताला वास असतो, कुठली पावसात आडवी होत नाही, हे सगळं त्यांनी सहा वर्षं एका बोटानं टाइप करून ठेवलेलं. मुलानं पुण्याहून आणून दिलेला कॉम्प्युटर, आणि सगळी मिळून एकच मोठी फाइल. दुसरी प्रत नाही. भाचा गेम घालायला म्हणून एक फ्लॉपी घेऊन आला आणि त्या व्हायरसनं डिस्कवर कुठली गोष्ट कुठं ठेवलीय त्याची यादीच पुसून टाकली.

आजोबा रडले नाहीत. नुसते म्हणाले, "ह्यातली निम्मी माणसं आता न्हाईत, पोरी. कुणाला परत इचारू?"

डिस्कवर मजकूर होता, पण तुकडे तुकडे होऊन विखुरलेला. त्यात तेव्हाचे मराठी फॉन्ट! फॉन्ट नसेल तर मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस असला कचरा दिसायचा. मॅडम तो कचरा बघत बसल्या. एक दिवस, दोन दिवस. कुठलं चिन्ह म्हणजे 'क' आणि कुठलं म्हणजे वेलांटी याचा कागदावर तक्ता केला. पाचव्या दिवशी तक्त्याकडं बघायची गरजच उरली नाही. मी त्यांच्या मागं उभा होतो. मला स्क्रीनवर नुसता कचरा दिसत होता आणि मॅडम वर्तमानपत्र वाचावं तसं मोठ्यानं वाचत होत्या, "काळा जिरगा, वास बरा, पाणी जास्त लागते..."

माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत.

आठव्या दिवशी तुकडे जोडून कागद छापले आणि आजोबांना बोलावलं. आजोबा चष्मा लावून एकेक ओळ वाचत गेले. मध्येच थांबले.

"पोरी, ही 'घनजिरगा' कुठली जात?"

मॅडमनी बघितलं. जीभ चावली. 'घनसाळ'चा पुढचा तुकडा आणि 'काळा जिरगा'चा मागचा तुकडा चुकून एकत्र जोडला गेलेला. "माझी चूक झाली आजोबा. आत्ता दुरुस्त करतो."

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," आजोबांनी कागदावर हात ठेवला. "दोन्ही जाती घरात हायत. संकर करून बघतो. जमलं तर नाव तयार हाय!"

जाताना त्यांच्याकडून मॅडमनी एकच गोष्ट कबूल करून घेतली. या फाइलची एक प्रत दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसाच्या घरात राहील. आजोबा म्हणाले, "बियाणं बी आमी तसंच ठेवतो की. एका कणगीत कोण ठेवतंय?"

मॅडम नंतर कितीतरी दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला बॅकअप समजावून सांगताना बियाण्याचंच सांगायच्या. लोकांना लगेच कळायचं.

* * *

मॅडमच्या सासूबाईंना सगळे अव्वा म्हणायचे. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडं त्यांचा धाक. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

घरी इंटरनेट नुकतं आलेलं. मॅडमचे दीर, बँकेतले साहेब, मेल बघत बसलेले. अनोळखी माणसाकडून मेल: 'तुम्हाला बक्षीस लागले आहे, सोबतची फाइल उघडा.' दिरांनी मोठ्यानं वाचलं.

अव्वा भाजी निवडत होत्या. "कुणी पाठवलंय?"

"ओळख नाही अव्वा. पण बक्षीस आहे."

"बेडा!" म्हणजे नको. "वळख न्हाई, पाळख न्हाई, तो तुला बक्षीस का देतोय?"

"अव्वा, नुसतं उघडून बघतो..."

अव्वा उठल्या, भिंतीजवळ गेल्या आणि प्लगच उपसून काढला!

संध्याकाळी मॅडमनी ती फाइल तपासली. आत होता व्हायरसच. त्याच आठवड्यात आमच्या दुकानात त्या एका मेलची चौदा मशीन आली. त्यांतलं एक दिरांच्या बँकेतल्या वरच्या साहेबांच्या घरचं!

मॅडम मला म्हणाल्या, "भाऊ, चांगला अँटीव्हायरस कुठला म्हणून लोक विचारतात. घरातला सांगता येत नाही ना!"

* * *

शेवटचा सांगतो. ज्या मुलीचा आहे ती आता एका शाळेत शिकवते, आणि तिनंच मला सांगितलंय, "काका, नाव बदलून खुशाल सांगा." तिला आपण रेखा म्हणू.

रेखा खेड्यातून कॉलेजला आलेली, होस्टेलवर राहायची. भाऊ बंगळूरला नोकरीला. दर रविवारी आमच्या पुढच्या गल्लीतल्या इंटरनेट कॅफेत जाऊन त्याला मेल लिहायची. मेसची भाजी, अभ्यास, घरची आठवण, असलंच साधं. एक दिवस कॉलेजच्या फाटकात मागून कुणीतरी म्हणालं, "दादा, मेसची भाजी लई तिखट असते." तिचंच वाक्य! वळून बघितलं तर पन्नास पोरं. पुढच्या आठवड्यात दुसरं वाक्य. मग तिसरं. तिनं पासवर्ड बदलला, तरी तेच. पोरगी झोपेना, जेवेना. वडिलांना कळलं. ते एसटीनं आले आणि म्हणाले, "सामान बांध. शिक्षण बास झालं."

भावानं फोनवर हातापाया पडून सांगितलं म्हणून जायच्या आधी दोघं मॅडमकडं आली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. वडिलांना म्हणाल्या, "मला उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या. मग न्यायची तर न्या."

आम्ही चौघं कॅफेत गेलो. मालक ओळखीचा. "मॅडम, मला ह्यातलं काय बी ठाऊक न्हाई हो!" मॅडमनी त्याला काउंटरवर बसायला सांगितलं आणि रेखा नेहमी बसायची त्या चार नंबरच्या कॉम्प्युटरवर बसल्या. वीस मिनिटांत सापडलं. एक लपवलेला प्रोग्रॅम. त्या मशीनवर कुणीही टाइप केलेलं अक्षर न् अक्षर तो गुपचूप एका फाइलीत लिहून ठेवायचा. फाइल कुठं आहे ते ज्याला माहीत, त्यानं यायचं, उघडायची, वाचायचं. रेखाचे पासवर्डसुद्धा त्यात होते.

वडिलांच्या मुठी वळलेल्या. मी म्हणालो, "काढून टाका की तो!"

"उद्या काढतो," मॅडम म्हणाल्या. "आज तो माझा पोस्टमन."

आणि त्यांनी त्याच कीबोर्डवर टाइप केलं. टाइप करता करता आम्हाला हळूच वाचून दाखवलं:

"पोरीची पत्रं वाचणाऱ्या, तू कोण ते मला कळलंय. उद्या संध्याकाळी पाच वाजता माझ्या दुकानात ये. येताना आईला घेऊन ये. आला नाहीस तर सहा वाजता मी तुझ्या घरी येतो."

खाली दुकानाचा पत्ता.

बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, "मॅडम, कोण हाय तो?"

"मला काय म्हाईत!" मॅडम म्हणाल्या आणि मोपेड काढली.

दुसऱ्या दिवशी मी एकही टीव्ही उघडला नाही. रेखा आणि तिचे वडील आतल्या बाजूला बसलेले. वडिलांनी पिशवी भरून आणलेली, मांडीवर धरलेली. मॅडम मात्र कुणाचं तरी मशीन साफ करत होत्या. पावणेपाच झाले. कुणी नाही. पाचला पाच कमी, कुणी नाही.

बरोबर पाचला एक पोरगा पायरी चढला. कॉलेजचाच. मान खाली. मागं त्याची आई, हातात छत्री, चेहऱ्यावर काही न कळल्याचा भाव. रेखाच्या वडिलांनी पिशवी खाली ठेवली.

मॅडम काही बोलणार, तेवढ्यात पायरीवर दुसरा पोरगा. हा पहिल्याला ओळखतही नव्हता. त्याची आई त्याला दंडाला धरून घेऊन आली होती, आणि येताना रस्ताभर काय झालं असेल ते त्याच्या गालावर दिसत होतं.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या.

आणि पाच वाजून दहा मिनिटांनी रस्ता ओलांडून कॅफेचा मालक आला. पंचेचाळिशीचा बाप्या, डोक्याला टक्कल. त्याच्या मागून, काठी टेकत टेकत, त्याची आई.